आगबोटीचें उत्तरायुष्य

इंग्रजांनीं ज्या नौकेला वाफेचें नांव दिलें, तिला मराठी माणसानें आगीचें नांव दिलें. 'आगबोट' हा शब्द कोणा पंडितानें घडविलेला नाहीं. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला जें दिसलें तें त्यानें सांगितलें. वाफ यंत्राच्या पोटांत असते. बाहेरच्याला दिसतो तो धूर आणि धुराखालचा जाळ. शास्त्रदृष्ट्या पाहतां नौका चालते ती वाफेनें हें खरें. परंतु इतिहासदृष्ट्या पाहतां मराठी शब्दच अधिक खरा ठरतो. आगबोटीच्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास हा वाफेपेक्षां जळणाचाच इतिहास आहे. वाफ कशी करावी हें शोधकांना लवकर उमगलें. ती करण्यासाठीं लागणारा कोळसा भर समुद्रांत कोठून आणावा, हा खरा प्रश्न होता. आणि नवल असें कीं, त्या काळच्या आगबोटींपैकीं जी सर्वांत महत्त्वाची, ती आज शाबूत उभी आहे तीहि एका अर्थीं कोळशाच्याच कृपेनें.

आरंभ नद्यांवर झाला. १७८३ सालीं फ्रान्समध्यें जुफ्रुआ नांवाच्या एका सरदारानें सोन नदीच्या प्रवाहाविरुद्ध वाफेची नौका सुमारें पाव तास चालवून दाखविली. अमेरिकेंत जॉन फिच यानें १७९० सालीं डेलावेअर नदींत उतारूंची ने-आण सुरू केली. नौका चालली, पण उतारू पुरेसे मिळाले नाहींत. स्कॉटलंडांत विल्यम सिमिंग्टन याच्या 'शार्लट डंडास' या नौकेनें १८०३ सालीं दोन भरलेले पडाव सुमारें वीस मैल कालव्यांतून ओढून नेले. तेव्हां तिच्या लाटांनीं आपले कांठ ढासळतील अशी धास्ती कालव्याच्या मालकांना वाटली, आणि ती नौका तशीच पडून राहिली. या तिघांपैकीं कोणाचीहि बुद्धि उणी नव्हती. उणा होता तो व्यवहाराचा मेळ. तो रॉबर्ट फुल्टन यानें जमविला. १८०७ सालच्या ऑगस्टमध्यें न्यूयॉर्क ते ऑल्बनी हें सुमारें दीडशें मैलांचें अंतर त्याची नौका बत्तीस तासांत चालून गेली. यंत्र मात्र त्यानें स्वतः घडविलेलें नव्हतें. तें इंग्लंडांतील बोल्टन आणि वॉट यांच्या कारखान्यांतून आणविलेलें होतें. पांच वर्षांनीं, म्हणजे १८१२ सालीं, हेन्री बेल याची 'कॉमेट' ही आगबोट क्लाइड नदींत उतारू नेऊं लागली.

नदीवरच्या आगबोटीला जळणाची चिंता फारशी नसे. दोहों तीरांस झाडी असे. लांकडें संपलीं कीं नौका कांठाला लावावी आणि नवीं भरून घ्यावीं. समुद्राला असा कांठ नाहीं. शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळतो आणि त्यासाठीं पोटांत जागा ठेवावी लागत नाहीं. आगबोटीला आपलें खाद्य आपणच वाहून न्यावें लागतें. तें जितकें अधिक घ्यावें तितकी मालाची जागा कमी होते. हा पेंच किती अवघड होता हें मुंबईनेंच प्रत्यक्ष अनुभविलेलें आहे.

१८२५ सालीं 'एंटरप्राइज' ही आगबोट इंग्लंडहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून कलकत्त्यास आली. तिला ११३ दिवस लागले, आणि त्यांतलाहि बराच प्रवास शिडांवरच झाला. मुंबईच्या मंडळींचें लक्ष दुसऱ्या वाटेकडे होतें. तांबड्या समुद्रांतून सुएझपर्यंत आगबोट जावी, तेथून टपाल जमिनीवरून भूमध्य समुद्रास पोंचवावें, आणि पुढें पुन्हां जलमार्गानें विलायतेस न्यावें, अशी ती योजना होती. तेव्हां सुएझचा कालवा अस्तित्वांत नव्हता; तो १८६९ सालीं खुला झाला. या कामासाठीं मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं 'ह्यू लिंडसे' नांवाची आगबोट बांधली गेली. ४११ टनांची ही नौका १८२९ सालीं पाण्यांत लोटण्यांत आली. तिच्यांत ऐंशीं ऐंशीं अश्वशक्तीचीं दोन यंत्रें होतीं. कोळसा ठेवण्याची सोय मात्र साडेपांच दिवसांपुरतीच केलेली होती, आणि मुंबईहून एडन तर सोळाशें मैलांहून दूर! कप्तान जॉन विल्सन यानें मग जेथें जागा सांपडली तेथें कोळसा भरला. उतारूंच्या खोल्याहि त्यांतून सुटल्या नाहींत. २० मार्च १८३० रोजीं मुंबई सोडलेली ही आगबोट एडनला पोंचली तेव्हां कोठारांत सुमारें सहा तासांपुरताच कोळसा शिल्लक होता. पुढचा कोळसा एडनला आधींच जाऊन पडलेला होता, आणि तो नेला होता शिडाच्या जहाजानें! २२ एप्रिलला ती सुएझला लागली. एकंदर तेहेतीस दिवसांपैकीं बारा दिवस केवळ वाटेंत कोळसा भरण्यांत गेले. वाऱ्याला जिंकावयास निघालेल्या आगबोटीची शिदोरी अशी वाऱ्यानेंच पोंचवावी लागत होती. १८३९ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें एडन बळकावलें, त्याच्या कारणांत कोळशाची वखार हें एक मोठें कारण होतें.

अटलांटिक महासागरांत एडनसारखें मधलें ठाणें नाहीं. त्यामुळें कोळशावर सबंध महासागर ओलांडणें अशक्यच आहे असें मोठमोठे लोक सांगत असत. या प्रश्नाचें उत्तर ज्यानें दिलें तो इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल हा मूळचा जहाजें बांधणारा नव्हे. तो पूल व रेलमार्ग बांधणारा एंजिनियर होता. त्याचें उत्तर शाळेंतल्या भूमितीइतकें सोपें आहे. एक घन पेटी घ्यावी आणि तिची लांबी, रुंदी व उंची दुप्पट करावी. तिचें पृष्ठफळ चौपट होतें, पण पोटांतील जागा आठपट होते. जहाजाला पाण्याचा जो अडथळा होतो तो बव्हंशीं त्याच्या बाहेरच्या पृष्ठावर अवलंबून असतो, आणि कोळसा मावतो तो आंतल्या जागेंत. म्हणजे जहाज जितकें मोठें तितका त्याचा कोळसा त्याला अधिक दूर पोंचवील. लहान आगबोटीला जें साधत नाहीं तें मोठीला साधेल, एवढाच त्याचा सिद्धान्त.

१८३८ सालच्या एप्रिलमध्यें त्याची कसोटी लागली. ब्रुनेलची 'ग्रेट वेस्टर्न' ब्रिस्टलहून निघण्यापूर्वींच एका प्रतिस्पर्धी कंपनीनें 'सिरियस' नांवाची लहान आगबोट आयर्लंडांतील कॉर्क बंदराहून पुढें सोडली. 'सिरियस' आधीं न्यूयॉर्कला पोंचली खरी. पण तिला अठरा दिवस लागले आणि तिचा कोळसा जवळजवळ संपलेला होता. दुसऱ्याच दिवशीं 'ग्रेट वेस्टर्न' पंधरा दिवसांचा प्रवास करून आली, आणि तिच्या कोठारांत सुमारें दोनशें टन कोळसा शिल्लक होता. शर्यत 'सिरियस'नें जिंकली, वाद ब्रुनेलनें जिंकला.

त्यानंतर त्यानें जें जहाज योजिलें तें 'ग्रेट ब्रिटन'. याच जहाजाची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. १८३९ सालीं ब्रिस्टलच्या एका सुक्या गोदींत त्याची उभारणी सुरू झाली. प्रथम तें लांकडी असावयाचें होतें. परंतु त्या सुमारास ब्रिस्टलला आलेली एक लोखंडी आगबोट पाहून ब्रुनेलनें बेत बदलला आणि सबंध जहाज लोखंडी पत्र्यांचें करावयाचें ठरविलें. दोन्ही बाजूंस प्रचंड चाकें बसविण्याचेंहि ठरलें होतें. इतक्यांत १८४० सालीं 'आर्किमिडीज' ही मळसूत्री पंख्यावर चालणारी नौका बंदरांत आली, आणि ब्रुनेलनें पुन्हां आराखडा फिरविला. बाजूच्या चाकांत एक मोठा दोष असतो. कोळसा जळत जातो तसतसें जहाज हलकें होऊन वर येतें आणि चाकें पाण्यांत पुरेशीं बुडत नाहींत. वादळांत जहाज कललें कीं एक चाक खोल जातें व दुसरें हवेंत फिरतें. मळसूत्री पंखा मागच्या बाजूस पाण्याखालीं असतो, त्यामुळें या दोषांचा त्याला फारसा उपद्रव होत नाहीं. बांधकाम चालूं असतां दोनदां मन बदलणारा एंजिनियर मालकांना परवडत नाहीं, आणि ब्रुनेलचे मालकहि खर्चानें हैराण झाले. पण पुढील शंभर वर्षांच्या जहाजांचें रूप त्या दोन निर्णयांनीं ठरलें, हेंहि तितकेंच खरें.

१९ जुलै १८४३ रोजीं राणी व्हिक्टोरियाचे पति प्रिन्स आल्बर्ट यांच्या हस्ते समारंभ होऊन जहाज पाण्यावर तरंगलें. लांबी ३२२ फूट. त्या वेळीं जगांत याहून मोठें जहाज नव्हतें. मग लक्षांत आलें कीं, बंदरांतून बाहेर पडण्याचे जे पाण्याचे दरवाजे त्यांतून हें जहाज जात नाहीं. दरवाज्यांचे दगड काढून वाट रुंद करावी लागली, आणि १८४४ सालच्या डिसेंबरांत कोठें तें बाहेर निघालें. ज्याची बुद्धि अटलांटिकचें गणित सोडविते त्याला स्वतःच्या दारांतून निघतां येऊं नये, असेंहि घडतें. १८४५ च्या जुलैअखेर तें लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला गेलें. लोखंडी आणि मळसूत्री पंख्याच्या आगबोटीनें अटलांटिक ओलांडण्याचा तो पहिला प्रसंग.

पुढच्याच वर्षीं कप्तानाचा अंदाज चुकला आणि २२ सप्टेंबर १८४६ च्या रात्रीं जहाज आयर्लंडच्या डंड्रम उपसागरांत वाळूवर चढलें. जवळजवळ अकरा महिने तें तेथें लाटांचा मार खात पडलें होतें. लांकडी जहाज असतें तर एका हिवाळ्यांत त्याच्या फळ्या किनाऱ्यावर वेंचाव्या लागल्या असत्या. लोखंडाचें म्हणून तें टिकलें. कंपनी मात्र बुडाली, आणि एक लाख पौंडांहून अधिक किंमतीचें जहाज अवघ्या २५,००० पौंडांस विकलें गेलें. नव्या मालकांनीं १८५२ पासून तें ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर घातलें. तेथें सोन्याच्या खाणी सांपडल्या होत्या आणि वस्तीस जाणारांची रीघ लागली होती. सुमारें पंधरा हजार माणसें या एका जहाजानें त्या खंडांत नेऊन सोडलीं. १८६१ सालीं ऑस्ट्रेलियांत खेळावयास गेलेला इंग्लंडचा पहिला क्रिकेट संघहि याच जहाजानें गेला.

मुंबईनेंहि हें जहाज पाहिलेलें आहे. १८५७ च्या उठावाची बातमी विलायतेस पोंचल्यावर सैन्य पाठविण्याची धांदल उडाली; तेव्हां कॉर्कहून निघून 'ग्रेट ब्रिटन' त्या वर्षाच्या डिसेंबरांत मुंबई बंदरांत आलें. त्यांतून सतराव्या लान्सर्स पलटणीचे घोडेस्वार उतरले. तीन वर्षांपूर्वीं क्रिमियाच्या लढाईंत बालाक्लाव्हा येथें तोफांच्या तोंडीं गेलेली तीच ही पलटण. पुढें १८५८ सालीं तात्या टोपे यांच्या पाठलागावर मध्य हिंदुस्थानांत जें सैन्य धांवत होतें त्यांत हे स्वार होते. ब्रिस्टलला आज जे लोक कौतुकानें हें जहाज पाहतात त्यांतल्या मराठी प्रेक्षकानें एवढें ध्यानीं ठेवलेलें बरें. यंत्राचें कौतुक करतांना त्या यंत्रानें कोणाला कोणावर आणून सोडलें हें विसरण्याचें कारण नाहीं.

१८७६ सालीं त्याचे ऑस्ट्रेलियाचे प्रवास थांबले. पुढें नवीन मालकांनीं त्याचें यंत्रच काढून टाकलें. आगबोटींच्या इतिहासांत पहिला मान मिळविणारें हें जहाज अशा रीतीनें केवळ शिडांचें, कोळसा वाहणारें गलबत होऊन बसलें. १८८६ सालीं कोळसा घेऊन दक्षिण अमेरिकेला वळसा घालीत असतां केप हॉर्नजवळच्या वादळांत तें मोडकळीस आलें आणि फॉकलंड बेटांतील पोर्ट स्टॅन्ली बंदरांत त्यानें कसाबसा आसरा घेतला. दुरुस्तीचा खर्च जहाजाच्या किंमतीपेक्षां अधिक येईल असें ठरलें. येथें त्याचें आयुष्य संपावयाचें होतें. पण त्या बेटांवर भंगार वितळविण्याची भट्टी नव्हती, आणि कोळसा व लोंकर कोरडी ठेवण्यास कोठार हवें होतें. सबब तें विकत घेऊन नांगरावर उभें करण्यांत आलें, आणि पुढें जवळजवळ पन्नास वर्षें 'ग्रेट ब्रिटन'चा उपयोग तरंगती वखार म्हणून झाला. १९१४ सालीं फॉकलंडजवळ जी आरमारी लढाई झाली त्या वेळीं ब्रिटिश लढाऊ जहाजांना त्यांतील कोळसा पुरविला गेला. एखाद्या गाजलेल्या गवयानें उतारवयांत देवळाची दिवाबत्ती करावी तसा हा प्रकार; पण दिवाबत्ती होती म्हणून देवळांत जागा राहिली. त्याच्या काळचीं इतर नांवाजलेलीं जहाजें युरोप-अमेरिकेच्या बंदरांत भंगार म्हणून केव्हांच फुटलीं होतीं. १९३७ सालीं वखारीचाहि उपयोग संपला, तेव्हां स्पॅरो कोव्ह नांवाच्या खाडींत नेऊन, बुडाला भोंकें पाडून, तें उथळ पाण्यांत बसविण्यांत आलें.

तेथून तें बाहेर निघालें याचें श्रेय एका पत्राला द्यावें लागेल. १९६७ सालीं ईवन कॉर्लेट या नौकाशास्त्रज्ञानें लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत लिहून या जहाजाकडे लोकांचें लक्ष वेधलें. जॅक हेवर्ड या धनिकानें खर्चाचा भार उचलला. १९७० च्या आरंभीं कामगार खाडींत पोंचले तेव्हां जहाजाच्या एका बाजूस वरपासून खालपर्यंत मोठी भेग पडलेली त्यांना आढळली. ती बुजविण्यास बेटावरच्या रहिवाशांनीं आपल्या जुन्या गाद्या दिल्या; एवढ्या मोठ्या कामांतला हा घरगुती उपाय वाखाणण्यासारखा आहे. भोंकें बुजवून, पाणी उपसून जहाज तरंगतें केलें. मग एक प्रचंड लोखंडी तराफा पाण्याखालीं बुडवून त्यावर जहाज आणलें, आणि तराफ्यांतलें पाणी काढतांच तराफा जहाजासकट वर आला. अशा तराफ्यावर बसून 'ग्रेट ब्रिटन'नें अटलांटिक शेवटचा ओलांडला. ब्रिस्टलजवळ पोंचल्यावर मात्र त्याला तराफ्यावरून उतरविलें, आणि एव्हन नदींतून तें स्वतः तरंगत आलें. वाटेंत नदीवर ब्रुनेलनेंच योजिलेला क्लिफ्टनचा टांगता पूल आहे. १८४४ सालीं हें जहाज तेथून बाहेर पडलें तेव्हां त्या पुलाचे केवळ मनोरे उभे होते. पूल पुरा झाला १८६४ सालीं, ब्रुनेलच्या मृत्यूनंतर पांच वर्षांनीं. दोन्ही कामें एकमेकांसमोर आलीं तीं प्रथमच. १९ जुलै १९७० रोजीं, म्हणजे पाण्यांत उतरल्याला बरोबर १२७ वर्षें झालीं त्या दिवशीं, जहाज आपल्या जन्माच्या सुक्या गोदींत परत शिरलें.

इतकें झालें म्हणजे जहाज वांचलें असें वाटेल. पण खरी अडचण यापुढें आहे, आणि तीच लोकांना सहसा माहीत नसते. समुद्रांत शंभर-सवाशें वर्षें राहिलेल्या लोखंडांत क्षार मुरलेले असतात. वरचा गंज खरवडून रंग दिला तरी आंतले क्षार हवेंतील ओल ओढून घेतात आणि रंगाखालीं पुन्हां गंज चढूं लागतो. कोंकणांत खारट वाऱ्यानें खिडकीचे गज कसे खातात हें ज्यानें पाहिलें आहे त्याला हें वेगळें सांगावयास नको. तज्ज्ञांनीं तपासाअंतीं असें ठरविलें कीं, जहाजाभोंवतालच्या हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा वीसच्या आसपास आणून ठेवली तरच हें झिजणें थांबेल. ब्रिस्टल हें पावसाळी शहर. तेथें वाळवंटाची हवा कोठून आणावयाची? त्यांनीं युक्ति केली ती अशी. जहाज जेथपर्यंत पाण्यांत बुडत असे त्या रेषेवर सभोंवार कांचेचें छत बसविलें, आणि कांचेवर पाण्याचा पातळ थर सोडला. वरून पाहणाऱ्यास जहाज पाण्यावर तरंगत आहे असें दिसतें. खालीं उतरून गेल्यास डोक्यावर पाणी आणि समोर जहाजाचें कोरडें बूड. त्या बंद जागेंतील हवा यंत्रांनीं अहोरात्र वाळविली जाते. २००५ सालापासून ही व्यवस्था चालूं आहे. जें जहाज दमटपणाविरुद्ध एका क्षणाचीहि उसंत न घेतां चालणाऱ्या यंत्रांच्या आधारावर उभें आहे, त्याच्या पोटांतील मूळचें वाफेचें यंत्र मात्र नाहीं. आज तेथें दिसतें तें मूळच्या बरहुकूम केलेलें नवें यंत्र असून तें विजेनें फिरतें.

येथेंच एक जुना वाद उपस्थित होतो. चालत नाहीं ती आगबोट कसली, असें म्हणणारा एक पक्ष आहे, आणि त्याच्या बाजूस 'वेव्हर्ली'चें उदाहरण आहे. ही चाकांची आगबोट १९४६ सालीं क्लाइड नदीकांठीं बांधली गेली. डंकर्क येथें १९४० सालीं बुडालेल्या त्याच नांवाच्या आगबोटीच्या जागीं ती आली. १९७४ सालीं तिच्या मालकांनीं ती नौकाप्रेमी लोकांच्या एका मंडळाला केवळ एक पौंड नाममात्र किंमतीस देऊन टाकली. त्या मंडळींनीं ती पुन्हां समुद्रांत आणली. तिच्यावर बसलेल्या मुलाला यंत्राचे चकाकते दांडे हलतांना दिसतात, तेलाचा वास येतो, पायांखालची फळी थरथरते. हें सुख ब्रिस्टलला मिळणार नाहीं. पण चालत्या बोटीला आजच्या कायद्यांप्रमाणें सुरक्षित ठेवावें लागतें, झिजलेला भाग टाकून नवा घालावा लागतो. 'वेव्हर्ली'चे बॉयलर बदलले, जळण कोळशाऐवजीं तेल झालें, पुष्कळसें लोखंड नवें आलें. एकीनें देह राखला आणि चाल गमावली. दुसरीनें चाल राखली आणि देह थोडाथोडा बदलला. दोन्हींपैकीं एकच मार्ग बरोबर असें ठरविण्याचा अट्टाहास व्यर्थ होय. ज्या नौकेचा नमुना जगांत एकच उरला आहे तिचा देह जपावा, आणि जिची मौज चालण्यांत आहे ती चालवावी, हेंच शहाणपणाचें दिसतें.

लांकडी जहाजांची गोष्ट निराळी, आणि तिचें सर्वांत चांगलें उदाहरण मुंबईचेंच आहे. इंग्लंडांत ओकच्या लांकडाचा तुटवडा पडला तेव्हां आरमारानें मुंबईच्या गोदीकडे आणि मलबारच्या सागवानाकडे धांव घेतली. 'ट्रिंकोमाली' या लढाऊ जहाजाचे आराखडे ज्या जहाजानें मुंबईस येत होते तें १८१२ सालीं अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या जहाजाच्या हातीं लागलें, आणि आराखडे दुसऱ्यांदा पाठवावे लागले. ज्यानें हा घोटाळा केला तें 'कॉन्स्टिट्यूशन' जहाजहि बोस्टन बंदरांत जतन केलेलें आहे, हा योगायोग मोठा गमतीचा. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखालीं बांधलेलें 'ट्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरलें. तोंवर नेपोलियनशीं चाललेलीं युद्धें संपलीं होतीं. काम नसल्यानें तें विलायतेंत नेऊन वर्षानुवर्षें बांधून ठेवण्यांत आलें. पुढें मुलांना नौकानयन शिकविण्यासाठीं त्याचा उपयोग झाला. १९८७ सालीं तें हार्टलपूल बंदरांत आणून दुरुस्तीस घेतलें. ब्रिटनमध्यें आजहि पाण्यावर तरंगणारें सर्वांत जुनें लढाऊ जहाज म्हणून लोक तें पाहावयास जातात. दोनशें वर्षांनंतरहि त्यांतलें पुष्कळसें सागवान मुंबईंत घातलेलेंच आहे. त्यालाहि तारलें तें लढाईनें नव्हे, तर शाळेनें. कोळशाची वखार काय, मुलांची शाळा काय, जुन्या जहाजाला कांहींतरी हलकेंसें काम मिळालें कीं त्याचें मरण पुढें ढकललें जातें, असा अनुभव आहे.

मुंबईनें बांधलेलें जहाज परक्यांनीं राखलें. मुंबईला राखण्यास मिळालेलें जहाज कोणतें? तें 'विक्रांत'. हेंहि वाफेवर चालणारेंच जहाज होतें, मात्र तेलाच्या आगीवर तापणारे चार बॉयलर आणि दोन वाफचक्क्या मिळून चाळीस हजार अश्वशक्तीचें. १९४५ सालीं इंग्लंडांत पाण्यांत उतरलेलें पण अपुरें राहिलेलें हें विमानवाहू जहाज भारतानें १९५७ सालीं विकत घेतलें, आणि बेलफास्टला पुरें होऊन १९६१ सालीं तें भारतीय नौदलांत दाखल झालें. १९७१ च्या युद्धांत एका बॉयलरला भेगा पडलेल्या असतांहि तें बंगालच्या उपसागरांत गेलें आणि त्यावरील विमानांनीं चितगांव व कॉक्स बझार येथें हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजीं तें सेवेंतून निवृत्त झालें. २००१ पासून कांहीं वर्षें मुंबईंत त्यावर संग्रहालय होतें आणि लोक रांगा लावून तें पाहून येत. पण पाण्यांत उभ्या असलेल्या सातशें फुटी लोखंडी जहाजाचा गंज रांगांनीं थांबत नाहीं. कायमची जागा, कायमचा पैसा आणि कायमची जबाबदारी घेणारा कोणी पुढें आला नाहीं. नौदलानें कांहीं काळ भार वाहिला, राज्य सरकारला खर्च झेपेना, आणि २०१२ सालीं जहाज धोकादायक म्हणून संग्रहालय बंद झालें. २०१४ च्या आरंभीं लिलावांत त्याला सुमारें साठ कोटि रुपये आले. कांहीं नागरिक न्यायालयांत गेले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण जाऊन त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें निकाल विरुद्ध लागला. नोव्हेंबरांत दारूखान्याच्या किनाऱ्यावर तें फोडण्यास आरंभ झाला.

यांत एका कोणावर दोष ठेवून मोकळें होतां येणार नाहीं. जॅक हेवर्डसारखा धनिक मिळणें दैवाचें. परंतु ब्रिस्टलचें जहाज केवळ त्याच्या पैशावर उभें नाहीं. १९७० नंतर तें सांभाळण्यासाठीं स्वतंत्र विश्वस्त मंडळ राहिलें, पाहणारांकडून तिकिटाचे पैसे येत राहिले, आणि गंज कसा थांबवावा याचा अभ्यास वर्षानुवर्षें चालूं राहिला. 'विक्रांत'च्या बाबतींत वर्षें गेलीं तीं हा भार कोणीं उचलावा हें ठरविण्यांत. जहाज तितका काळ थांबलें. लोखंड थांबलें नाहीं.

फोडलेल्या 'विक्रांत'च्या कांहीं धातूंतून एक शिल्प करण्यांत आलें. २०१६ सालच्या जानेवारींत तें मुंबईच्या नौदल गोदीच्या भिंतीसमोर, रस्त्यांत बसविलें आहे. त्याच भिंतीच्या पलीकडे, दोनशें वर्षांपूर्वीं, वाडियांच्या सुतारांनीं 'ट्रिंकोमाली'चे वांसे उभे केले होते आणि त्यानंतर बारा वर्षांनीं 'ह्यू लिंडसे' पाण्यांत लोटली होती.